अज्ञान पोराचा अंगठा
(खोपोली येथील व्याख्यान)

या पट्ट्यांत जमिनीला भाव येतांच दलाल कागद घेऊन दारोदार फिरूं लागले. बाप गेलेल्या पोराचा अंगठा कोणीं उठवून घेतला, तरी भिऊं नका. १८ वर्षांखालील पोर कायद्यानें ‘अज्ञान’ (साठीचा निरक्षर मात्र सज्ञान!), १८७२ च्या करार कायद्याखालीं त्याचा करार मुळांतच रद्द. कलकत्त्याच्या धर्मोदास घोषानें अज्ञानपणीं घर गहाण टाकलें. १९०३ सालीं प्रिव्ही कौन्सिलनें गहाणखत रद्द धरलें, सावकाराचे पैसेही बुडाले. मात्र पोटाला धान्य, अंगाला कपडा उधार दिला असेल, तर वाजवी किंमत पोराच्या मिळकतींतून द्यावीच लागते. १९५६ च्या कायद्यानें हिंदु आईलासुद्धां मुलाची स्वतंत्र जमीन कोर्टाच्या परवानगीवांचून विकतां येत नाहीं. विकली असेल, तर मुलानें सज्ञान झाल्यापासून तीन वर्षांच्या आंत दावा लावावा.