कोसळलेला प्रोग्राम वाचायला शिका



यॅक हे साधन स्टीफन जॉन्सन यांनी १९७०च्या दशकात बेल लॅब्जमध्ये लिहिलं. त्याचा जोडीदार लेक्स, माइक लेस्क आणि एरिक श्मिट यांचा. आज आपण वापरतो ती बायसन आणि फ्लेक्स ही त्यांची पुढची पिढी. व्याकरणाचे नियम लिहून दिले की ते नियम ओळखणारा सी प्रोग्राम ही साधनं स्वतः तयार करतात. नियमांतून भाषा बांधणं आपल्याला परकं नाही. पाणिनीने सुमारे ४,००० सूत्रांत संस्कृत बांधली.

आता नंदुरबारच्या मिरची बाजारातली एक नोंद घ्या: ‘मिरची ४० किलो’. अशा ओळी वाचणारं छोटं व्याकरण तुम्ही लिहिलंत. बायसनने ते विनातक्रार स्वीकारलं. कंपायलरने दोन-चार इशारे दिले, पण प्रोग्राम बनवला. पहिली ओळ देताच पडद्यावर आलं: सेगमेंटेशन फॉल्ट. इथे विद्यार्थी व्याकरणाचे नियम खोडायला बसतो. त्याचे कष्ट पाहून मला वाईट वाटतं, कारण बहुतेक वेळा नियमांत खोट नसतेच.

खोट असते फ्लेक्स आणि बायसन यांच्या देवाणघेवाणीत. फ्लेक्स शब्द (टोकन) तोडून देतो आणि त्यासोबत एक मूल्य पाठवतो. तुम्ही प्रकार सांगितला नाहीत, तर बायसन ते मूल्य पूर्णांक धरतो. वजन पूर्णांकच असतं, त्यामुळे ते या वाटेवर कापलं जात नाही. ‘मिरची’ हे नाव मात्र मेमरीतला पत्ता म्हणून जातं. ६४-बिट यंत्रावर पत्ता ८ बाइटचा आणि पूर्णांक ४ बाइटचा. अर्धा पत्ता कापला जातो आणि त्या तुटक्या पत्त्यावर वाचायला गेलेला प्रोग्राम कोसळतो. ३२-बिट यंत्रावर दोन्ही ४ बाइटचे होते, म्हणून जुनं उदाहरण तिथे चालायचं. बायसनच्या ‘युनियन’मध्ये दोन्ही प्रकार जाहीर करा आणि कोणत्या टोकनचा कोणता प्रकार तेही लिहा. जीसीसी कंपायलरच्या १४व्या आवृत्तीपासून पत्ता पूर्णांकात ठेवण्याची ही चूक थेट एरर धरली जाते. आधीच्या आवृत्त्या नुसता इशारा देऊन पुढे जातात.

फ्लेक्स दाखवतो तो शब्दही त्याच्याच बफरमध्ये असतो. त्याची प्रत न घेता पत्ता जपून ठेवलात, तर नावाच्या जागी नावासकट पुढची ओळ छापलेली दिसू शकते.

मराठी मजकुराची एक गोष्ट पुस्तकांत सहसा सापडत नाही. फ्लेक्स अक्षरं पाहत नाही, बाइट पाहतो. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं असतं. ७-बिट पर्यायाने बनवलेल्या स्कॅनरला असा मजकूर दिला, तर तो अडकू किंवा कोसळू शकतो. शिवाय देवनागरी ‘४०’ सी भाषेच्या ‘एटूआय’ फंक्शनला दिले, तर उत्तर शून्य येतं. प्रोग्राम चालू राहतो आणि वजन चुकतं. मला कोसळण्यापेक्षा हे अधिक घातक वाटतं.

म्हणून सगळे इशारे चालू ठेवून, डीबग माहितीसह कंपाइल करा. कोसळल्यावर जीडीबी या डीबगरमध्ये ‘बॅकट्रेस’ मागा. प्रोग्राम कोणत्या ओळीवर पडला ते जीडीबी सांगतो. बायसनचा ट्रेस चालू केलात, तर प्रत्येक टोकन आणि प्रत्येक नियम पडद्यावर उमटतो. मग इनपुट छाटत छाटत एका ओळीवर आणा.

इथे बसलेल्या शिक्षकांना एक विनंती आहे. प्रात्यक्षिकाला गुण देताना, प्रोग्राम कुठे आणि का कोसळला हे नीट लिहून आणणाऱ्या विद्यार्थ्यालाही गुण द्या.