एक हरवलेला मतदारसंघ
(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या न्यासाच्या सभासदांची यादी चाळताना एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. कोणी भालकीचा, कोणी उदगीरचा, तर कोणी जहिराबादचा. आज ही गावे तीन राज्यांत आहेत. मग ही माणसे एका यादीत आली कशी? याचे उत्तर जुन्या बिदर जिल्ह्यात आणि त्याच्या नावाने झालेल्या पहिल्या लोकसभा मतदारसंघात सापडते. शिक्षकाच्या सवयीप्रमाणे थोडा इतिहास सांगतो.

हैदराबाद संस्थानात असताना बिदर जिल्ह्यात मराठी, कानडी व तेलुगू या तिन्ही भाषा नांदत होत्या. कचेरीत उर्दू चाले. 1948 साल या मुलखाला फार जड गेले. आधी रझाकारांनी हिंदू वस्त्यांवर जुलूम केले. सप्टेंबरातील पोलीस कारवाईनंतर निरपराध मुसलमानांची घरे उजाड झाली. केंद्र सरकारने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल समितीने सर्वांत अधिक पीडित म्हणून जे चार जिल्हे नोंदले, ते उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. दोन्ही जखमा खऱ्या आहेत. एक सांगून दुसरी लपविणे हा इतिहास नव्हे.

त्यानंतर साडेतीन वर्षेही उलटली नव्हती, तोच 1951-52 ची पहिली सार्वत्रिक निवडणूक आली. एकवीस वर्षांवरील प्रत्येक स्त्रीपुरुषाला मत मिळाले. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, पेटीवर त्याचे चिन्ह. चिठ्ठी हव्या त्या पेटीत टाकायची. आमच्या दादी भालकीच्या. बुरखा घेऊन त्या मतदानाला गेल्या, तेव्हा परक्या पुरुषाने त्यांचे नाव विचारले आणि त्यांनी ते स्वतःच्या तोंडाने सांगितले. त्या म्हणत, “बेटा, त्या दिवशी सरकारला कळले की मी आहे.” देशात लाखो स्त्रियांची नावे त्या वेळी यादीतून गळली होती, कारण ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ याखेरीज त्यांची नोंदच नव्हती. हे कळल्यावर दादींच्या त्या वाक्याचे मोल आम्हांला उमगले.

त्या निवडणुकीत बिदरहून डॉ. शौकतुल्ला शाह अन्सारी लोकसभेवर गेले. हे गृहस्थ उत्तरेकडचे, फाळणीस विरोध करणाऱ्या राष्ट्रीय मुसलमानांपैकी. पुढे 1968 साली ते ओरिसाचे राज्यपाल झाले. शेजारच्या गुलबर्ग्याहून स्वामी रामानंद तीर्थ निवडून आले. निजामी राजवटीशी झुंजलेला संन्यासी एका जागी आणि मुसलमान डॉक्टर दुसऱ्या जागी! यात काँग्रेसच्या बैलजोडीचे श्रेय मोठे होते, हे आम्ही नाकारीत नाही. तरीसुद्धा जखमा ओल्या असताना बिदरच्या मतदारांनी एका मुसलमानाला आपला प्रतिनिधी केले, ही गोष्ट लहान नव्हे.

पण त्या मतदारसंघाच्या पायाखालची जमीनच दुभंगायची होती. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. अहमदपूर, निलंगा व उदगीर हे तालुके मुंबई राज्यात गेले. नारायणखेड, निर्णा मंडल वगळून जहिराबाद, आणि बिदर तालुक्यातील न्यालकल मंडल आंध्रात गेले. उरलेला भाग म्हैसूर राज्यात आला. दादींची धाकटी बहीण उदगीरला दिलेली. दोघींपैकी कोणीही घर सोडले नाही, पण एक म्हैसूरची झाली आणि दुसरी मुंबईची! भालकीहून गाडीत बसून कमलनगर ओलांडले की बहिणीचे घर जवळ येई. मध्ये राज्य बदलते हे त्यांना कधी पटले नाही.

1957 साली बिदरच्या नावाची जागाच राहिली नाही. गुलबर्ग्याच्या मतदारसंघातून दोन खासदार निवडले गेले. 1962 साली बिदरचे नाव परत आले, तेव्हा ती जागा अनुसूचित जातींसाठी राखीव होती व रामचंद्र वीरप्पा विजयी झाले. 2009 पासून ती सर्वांसाठी खुली आहे आणि कलबुर्गी जिल्ह्यातील आळंद व चिंचोळी तिच्यात आहेत. उदगीर, निलंगा, अहमदपूर आज लातूरच्या जागेत मत देतात. जहिराबाद आणि नारायणखेड जहिराबादच्या जागेत. म्हणजे एका जुन्या जिल्ह्याची माणसे आज तीन खासदार निवडतात.

याचे आम्हांला दुःख आहे काय? सीमा आखणे सरकारचे काम. त्यावरचे वाद न्यायालयात जातील, सुटतील किंवा रेंगाळतील. आम्हांला चिंता आहे ती वेगळीच. वर्गात आम्ही मुलांना विचारतो, “उदगीर कोठे आहे?” मुले म्हणतात, “परराज्यात.” परराज्यात खरेच, पण ते त्यांच्या आजीच्या बहिणीचे गाव आहे, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

म्हणून न्यासापुढे दोन सूचना ठेवतो. ज्या वडीलधाऱ्यांनी 1952 चे मतदान पाहिले, ते आता फार थोडे उरले आहेत; त्यांच्या आठवणी कोणत्याही भाषेत असोत, लिहून घ्याव्यात. दुसरी, शिष्यवृत्तीच्या यादीप्रमाणेच मतदारयादीही दरवर्षी घरोघर नेऊन तपासावी आणि आपल्या लेकीसुनांची नावे तीत आहेत की नाहीत ते पाहावे. मतदारसंघ कागदावरून पुसला जातो, त्याला आपला इलाज नाही. यादीतून माणसाचे नाव पुसले जाऊ नये, हे मात्र आपल्या हाती आहे.