ड्रिफ्टिंगचा फोटो आणि बसलेलं इंजिन

अमेरिकेतली २०२२ सालची गोष्ट. टोयोटाची जीआर ८६ ही स्पोर्ट्स कार तेव्हा बाजारात नवीकोरी होती. एका मालकाच्या गाडीचं इंजिन बसलं. वॉरंटी शिल्लक होती, तरी दावा फेटाळला गेला. कारण काय, तर त्याचा ड्रिफ्टिंग करतानाचा, म्हणजे मुद्दाम चाकं घसरवत गाडी वळवतानाचा फोटो!

गंमत म्हणजे हीच कंपनी या गाडीच्या ग्राहकांना मोटरस्पोर्ट संघटनेचं वर्षभराचं सदस्यत्व आणि ट्रॅकवर गाडी पळवायची एक संधी फुकट देत होती. ट्रॅकवर या, पण इंजिन गेलं तर तुमचं तुम्ही बघा, असाच त्याचा अर्थ झाला.

या मॉडेलचे ऑइल पॅन उघडून पाहणाऱ्या काही मालकांना वेगळंच दिसलं होतं. पॅन बसवताना लावलेल्या सीलंटचे रबरी तुकडे तेल ओढणाऱ्या नळीच्या जाळीत अडकलेले. जाळी तुंबली की तेलाचा दाब घसरतो, बेअरिंग कोरडी पडतात आणि इंजिन जाम होतं.

बोभाटा झाल्यावर कंपनीने माघार घेतली आणि दुरुस्तीचा खर्च उचलला.

प्रत्येकाच्या नशिबी असा बोभाटा नसतो. तिथले जाणकार म्हणूनच आधी नकाराचं कारण लेखी मागतात, तेल बदलल्याची बिलं जपतात आणि इंजिन खोलताना त्रयस्थ मेकॅनिक हजर ठेवतात. शिवाय १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्यानुसार खटला जिंकणाऱ्या ग्राहकाला वकिलाची वाजवी फीसुद्धा कंपनीकडून मिळू शकते.