बॉल जॉइंटची अवजारं: कोणती विकत घ्यावी, कोणती मागून आणावी

आम्ही पिंप्राळ्याच्या एका बचत गटातल्या बायका. गटाने कर्ज काढून जुनी पिकअप घेतली. भरताची वांगी, भाजीपाला, पापडाचे डबे तिच्यातूनच बाजारात जातात आणि कर्जाचा हप्ताही तिच्याच भाड्यातून फिटतो. गाडी एक दिवस उभी राहिली तर दहा घरांचा हिशोब चुकतो.

गेल्या हिवाळ्यात, वांग्यांचा हंगाम भरात असताना, खड्ड्यातून जाताना पुढून टकटक आवाज यायला लागला. आम्ही म्हटलं, जुनी गाडी आहे, कुरकुरणारच. पंधरा दिवस तशीच चालवली. मग एकदा चाक उचलून हलवून पाहिलं तर खालचा बॉल जॉइंट खिळखिळा झालेला. तो महामार्गावर निखळला असता तर पुढचं चाक आडवं पडलं असतं. त्या गाडीवर आमच्यातलीच एक जण बसते. आजही ते आठवलं की अंगावर काटा येतो.

बॉल जॉइंट म्हणजे काय? आपल्या खांद्याचा सांधा आठवा. वाटीत गोळा बसलेला असतो, म्हणून हात सगळीकडे फिरतो. गाडीचं पुढचं चाक खालीवर होतं आणि वळतंही, ते याच सांध्यावर. वर रबराची टोपी असते, आत ग्रीस असतं. टोपी फाटली की ग्रीस बाहेर जातं, धूळ आणि पाणी आत शिरतं आणि सांधा झिजतो. म्हणून दर महिन्याला वाकून ती टोपी बघायची. बघायला पैसे पडत नाहीत.

आता मूळ गोष्ट. अवजार घ्यायला दुकानात जाण्याआधी आपल्या गाडीत जॉइंट कसा बसवलाय ते बघा. काही जॉइंट बोल्टांनी बसवलेले असतात. त्यांना चांगले पाने पुरतात. काही रिव्हेटने पक्के केलेले असतात. ते रिव्हेट ग्राइंडरने कापावे किंवा ड्रिलने काढावे लागतात. आणि काही आर्ममध्ये दाबून बसवलेले असतात. त्यांना प्रेस लागते. काही पिकअपला पुढे पाटे असतात, तिथे बहुधा फक्त स्टीअरिंगच्या दांड्यांच्या टोकांनाच असे जॉइंट सापडतील. शेजारणीच्या गाडीला चाललं ते आपल्या गाडीला चालेलच असं नाही.

जॉइंटच्या दांड्याचं टोक निमुळतं असतं आणि ते भोकात घट्ट रुतून बसतं. नट काढला तरी ते सुटत नाही. ते सोडवायला दोन अवजारं मिळतात. एक दोन दातांचा काटा, जो मधे घालून हातोड्याने ठोकतात. तो स्वस्त, पण रबराची टोपी फाडतो. दुसरा स्क्रूचा पुलर. तो पान्याने आवळत गेलं की दांडा हळूहळू ढकलून सुटतो आणि टोपी शाबूत राहते.

इथे चूक आमचीच झाली. खालचा जॉइंट काढायला आधी स्टीअरिंगचा जॉइंट सोडवायचा होता. तो चांगला होता, परत बसवायचा होता. पण आम्ही स्वस्त म्हणून काटा आणला, ठोकला आणि चांगल्या जॉइंटची टोपी फाडली. म्हणजे एक सांधा बदलायला गेलो आणि दोन बदलावे लागले. तेव्हापासून आमचा नियम ठरला: टाकून द्यायचा जॉइंट असेल तर काटा, परत बसवायचा असेल तर पुलर. पुलर घेताना त्याचा जबडा आपल्या जॉइंटभोवती नीट बसतो का, ते दुकानातच मापून घ्या. शक्य असेल तर जुना जॉइंट सोबत न्या.

गटाच्या पैशातून काय घेतलं, ते सांगतो. पहिल्यांदा दोन मजबूत घोड्या. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली आमच्यापैकी कोणी हात घालत नाही. आषाढीला आपल्या पिंप्राळ्याच्या रथाच्या चाकाला मोगरी लावतात ना, तसे मागच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे लावायचे, मग गाडी उचलायची. दुसरं, गोटी पान्यांचा चांगला संच. हलक्या पान्याने नटाचे कोपरे झिजतात आणि मग तो नट कोणत्याच पान्याला दाद देत नाही. तिसरा, पुलर. चौथा, टॉर्क पाना, म्हणजे नट किती जोराने आवळला ते दाखवणारा पाना. तो महाग पडला, वादही झाला. पण अंदाजाने आवळलेला नट एक तर सैल राहतो, नाही तर आटे जातात. किती आवळायचा तो आकडा गाडीच्या दुरुस्ती पुस्तकात असतो. दुसऱ्या गाडीचा आकडा वापरू नका. आणि डोळ्यांना चष्मा. गंजाचा कण डोळ्यात गेला तर नुसतं पाणी मारून भागत नाही.

प्रेस मात्र विकत घेतली नाही. सी आकाराची ती प्रेस आणि तिच्या वाट्या वर्षातून एकदा लागल्या तर लागल्या. आम्ही ती गावातल्या गॅरेजातून मागून आणतो, बदल्यात ठरलेले पैसे देतो. प्रेस नसेल तर आर्म काढून गॅरेजात न्यावा आणि जॉइंट तिथे दाबून घ्यावा. हातोड्याने ठोकून नवा जॉइंट बसवू नका. तो वाकडा बसला तर आर्मचंच भोक खराब होतं.

कामाच्या वेळी चार गोष्टी लक्षात ठेवा. एक, स्प्रिंग दाबलेला असतो, आर्म सुटला तर उसळतो. म्हणून जॉइंट सोडवताना खालच्या आर्मखाली जॅक ठेवा. दोन, नट पूर्ण काढू नका. दोनतीन आट्यांवर राहू द्या, म्हणजे जॉइंट सुटला तरी आर्म एकदम खाली पडणार नाही. तीन, खाच असलेल्या नटाची खाच आणि भोक जुळलं नाही तर नट सैल करू नका, थोडा आणखी आवळून जुळवा आणि स्प्लिट पिन नवी घाला. चार, काम संपल्यावर चाकांचं अलाइनमेंट करून घ्या, नाही तर टायर एका बाजूने झिजतात.

आता कोणी म्हणेल, हे बायकांचं काम आहे का? दिल्लीच्या संजय गांधी ट्रान्सपोर्ट नगरात शांतीदेवी या बाईने वर्षानुवर्षं ट्रकची टायरं उतरवली आणि बसवली. इंदूरला बायकांनी चालवलेली दुचाकी दुरुस्तीची गॅरेजं उभी राहिली. हाताला सवय आणि जवळ योग्य अवजार असलं की काम होतं.

पण एक सांगतो. पहिल्यांदा एकटीने करू नका. जाणकार मिस्त्रीला सोबत घ्या, एक जण नुसती बघायला आणि जॅक सांभाळायला ठेवा. स्प्रिंगचं काम भीतीचं वाटलं तर पैसे देऊन करून घ्या. तेही शहाणपणच आहे. फक्त मिस्त्रीला विचारा: काटा वापरणार की पुलर? नट किती आवळणार? पिन नवी घालणार ना? एवढे तीन प्रश्न विचारता आले तरी तुमचं काम नीट होईल.

आज संध्याकाळी गाडी घरी आली की तिच्या पुढच्या चाकामागे बॅटरी मारून बघा. टोपी फाटलेली दिसली तर उद्याचं भाडं घेऊ नका.