पडायचं कसं, ते आधी शिकायचं

 धारा, भाकरी, भांडी आटोपून रेडिओजवळ बसला असाल. आज आम्ही बचतीवर बोलणार नाही की शेळ्यांच्या लसीकरणावर. आज बर्फावर बोलायचं आहे. हसू नका. आमचा तालुका दुष्काळी. बर्फ आम्ही पाहिला तो गारपिटीत, आणि तोही डाळिंबाची बाग झोडपून गेला. तरीसुद्धा बर्फाचा विषय आमच्या गटाच्या इतिवृत्तात लिहिला गेला. त्यावर ठराव झाला, सह्या आणि अंगठे झाले. ते कसं, ते सांगतो.

आमच्या गटातल्या एका ताईंची मुलगी कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. गडकिल्ले चढायची आवड. कळसूबाईला तीनदा जाऊन आलेली. तिला उत्तराखंडात औलीला जाऊन स्कीइंगचा चौदा दिवसांचा वर्ग करायचा होता. पुढं मुलांना डोंगरात नेणाऱ्या शिबिरांमध्ये काम करायचं तिच्या मनात होतं. ताईंनी बैठकीत वीस हजारांचं अंतर्गत कर्ज मागितलं. कारण काय लिहायचं? एक जण म्हणाली, "घसरायला कर्ज? आपल्या ओढ्यातल्या शेवाळावर फुकट घसरता येतं की." सगळ्या हसलो. मग एक मावशी म्हणाल्या, "पाय मोडून आली तर पोरीचं लगीन कसं व्हायचं?" मग मात्र कुणी हसलं नाही. ताई मान खाली घालून बसल्या.

तेव्हा आमच्या सचिवांनी कर्जाची वही उघडली. मागच्याच महिन्यात एका मुलाच्या मोटारसायकलीसाठी कर्ज दिलं होतं. सचिव म्हणाल्या, "त्या वेळी पाय मोडण्याचा विषय कुणी काढला नव्हता." ठराव मंजूर झाला. 'शिक्षण' असं कारण लिहिलं. अट एकच घातली: परत आल्यावर जे शिकलीस ते आम्हाला अंगणात दाखवायचं.

पोरगी फेब्रुवारीत परत आली. नाकाचं कातडं सोललेलं, गुडघे काळेनिळे, पण दोन्ही पाय धड. तिनं खळ्यावर दोन लाकडी पट्ट्या मांडल्या आणि आमची शाळा घेतली. त्या दिवशी आम्ही जे शिकलो, तेच आज तुम्हाला सांगतो.

आधी जागा. औली आहे चमोली जिल्ह्यात, जोशीमठच्या वर. हृषीकेशपासून पुढं दिवसभराचा डोंगरातला रस्ता. उंची अडीच हजार मीटरच्या वर. आपलं कळसूबाई, महाराष्ट्रातलं सगळ्यांत उंच शिखर, ते १६४६ मीटर. म्हणजे विचार करा. २०११ साली दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धा औलीत झाल्या होत्या. काश्मीरमधलं गुलमर्ग हेही या खेळाचं मोठं ठिकाण. तिथंही शिकवणारी सरकारी संस्था आहे.

आता सामान. स्की म्हणजे पायाला बांधायच्या दोन लांब, अरुंद पट्ट्या, पुढून वर वळलेल्या. त्यांच्या दोन्ही बाजूंना लोखंडी कड असते, तिला 'एज' म्हणतात. बूट टणक प्लॅस्टिकचा, घोट्याच्या वरपर्यंत. बूट पट्टीला जोडणारा खटका म्हणजे 'बाइंडिंग'. जोरात पडलं की हा खटका आपोआप सुटतो, म्हणजे पाय पिळवटत नाही. खटका किती घट्ट ठेवायचा हे वजन आणि अनुभव पाहून ठरवतात. म्हणून वजन विचारलं तर लाजून कमी सांगायचं नाही. हातात दोन काठ्या, त्या 'पोल'. डोक्याला हेल्मेट, डोळ्यांना गॉगल.

पहिल्या दिवशी काय शिकवलं? पडायला. मागं पडायचं नाही, पुढं तोंडावर पडायचं नाही. तोल गेला की बाजूला, चढाच्या अंगाला, मांडीवर बसल्यासारखं पडायचं. आणि उठायचं कसं, तर दोन्ही पट्ट्या आपल्या खालच्या बाजूला आणायच्या, उताराला आडव्या ठेवायच्या आणि मग हाताचा रेटा देऊन उठायचं. पट्ट्या उताराच्या दिशेनं राहिल्या, तर उठता उठताच माणूस निघालं खाली.

'आडव्या' म्हणजे कशा, हे आम्हाला चटकन कळलं. का? आम्ही पाणलोटाच्या कामावर सलग समपातळी चर खणलेत. ए-फ्रेम धरून रेषा आखलीत. पाणी ओतलं की ज्या वाटेनं सरळ खाली धावतं, त्या रेषेला स्कीइंगमध्ये 'फॉल लाइन' म्हणतात. आणि आपण चर खणतो ती रेषा तिला आडवी. पट्टी चराच्या रेषेत ठेवली की माणूस थांबतं, पाण्याच्या वाटेत वळवली की सुटतं. सगळी कसरत या दोन रेषांमधली. उतार तिरका कापत जाण्याला 'ट्रॅव्हर्स' म्हणतात.

चढायचं कसं? एक म्हणजे 'साइड स्टेप': आडवं उभं राहून जिन्याच्या पायऱ्या चढल्यासारखं एकेक पाय वर. दुसरं 'हेरिंगबोन': पट्ट्यांची पुढची टोकं बाहेर फाकवून, आतल्या कडेवर जोर देत वर जायचं. मागं बर्फात माशाच्या काट्यासारखी नक्षी उमटते.

आता उतरणं. पहिली रीत 'स्नोप्लाऊ'. पट्ट्यांची पुढची टोकं जवळ आणायची, पण एकमेकींवर चढू द्यायची नाहीत. टाचा बाहेर ढकलायच्या. वरून पाहिलं तर घराच्या छपरासारखा आकार दिसतो. टाचा जितक्या फाकवाल आणि आतल्या कडेवर जितका भार द्याल, तितका वेग कमी. हाच ब्रेक. वळायचं असेल तर उजव्या पायावर भार द्या, डावीकडं वळता. डाव्यावर द्या, उजवीकडं. डोक्यावर हंडा घेऊन पायवाट उतरताना आपण गुडघे सैल ठेवतो आणि नजर पुढं ठेवतो, तसंच इथं. हात बसलेला की दोन्ही पट्ट्या समांतर ठेवून वळता येतं, ते 'पॅरलल टर्न'. झेंड्यांच्या मधून नागमोडी उतरायच्या शर्यतीला 'स्लालम' म्हणतात. तो मूळचा नॉर्वेतला शब्द.

पोरगी एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होती. उतार पाहून भीती वाटली की अंग आपोआप मागं रेलतं. पण मागं रेललं की पट्ट्यांची पुढची टोकं हलकी होतात, ऐकेनाशी होतात. नडगी बुटाच्या पुढच्या भागाला टेकलेली हवी. म्हणजे जिथं जायची भीती वाटते, तिकडंच थोडं झुकायचं.

आता स्नोबोर्ड. त्यात दोन पट्ट्या नाहीत, एकच रुंद फळी. दोन्ही पाय तिच्यावर आडवे बांधायचे आणि कुशीच्या अंगानं घसरायचं. हातात काठ्या नाहीत. डावा पाय पुढं असेल तर 'रेग्युलर', उजवा पुढं असेल तर 'गूफी'. त्यात बरोबर-चूक काही नाही, ज्याला जे सोपं ते. टाचांकडची कड 'हील एज', बोटांकडची 'टो एज'. आधी फळी आडवी ठेवून वरच्या कडेवर हळूहळू खाली सरकायला शिकवतात. मग झाडाचं पान जसं हेलकावत खाली येतं तसं डावी-उजवीकडं सरकत उतरायचं. त्याला नावच 'फॉलिंग लीफ'. फळीची उताराकडची कड बर्फात रुतली की माणूस दाणकन आपटतं. इथला खटका पडल्यावर सुटत नाही, आणि नवख्यांची मनगटं फार दुखावतात. म्हणून पडताना हात ताठ टेकायचा नाही. पुढं पडलं तर मूठ मिटून कोपरापर्यंतच्या हातावर पडायचं. मागं पडलं तर हनुवटी छातीला लावायची. मनगटाला पट्टे मिळतात, ते घालायचे.

ही फळी निघाली कशी, तेही ऐका. १९६५ साली अमेरिकेत मिशिगन राज्यात शर्मन पॉपेन नावाच्या बापानं आपल्या मुलींना खेळायला दोन स्की एकत्र बांधून दिल्या. त्याला 'स्नर्फर' हे नाव सुचवलं त्याच्या बायकोनं. म्हणजे हा खेळ सुरू झाला तोच मुलींसाठी. पण सगळीकडं असं नव्हतं. स्कीवरून लांब उडी मारायची 'स्की जंपिंग'ची स्पर्धा हिवाळी ऑलिंपिकमध्ये १९२४पासून आहे. बायकांना त्यात प्रवेश मिळाला २०१४ साली. नव्वद वर्षं गेली. आणि आपल्याकडं? मनालीच्या आंचल ठाकूरनं जानेवारी २०१८मध्ये तुर्कस्तानात कांस्यपदक मिळवलं. तेही स्कीइंगमध्येच.

नियमही आहेत. खाली, पुढं असलेल्या माणसाचा हक्क पहिला. मागून येणाऱ्यानं सांभाळायचं. वाटेच्या मधे थांबायचं नाही, कडेला थांबायचं. निघताना वर बघायचं. कुणी पडलं, लागलं, तर मदतीला थांबायचं.

मुलीला पाठवणाऱ्या आयांनी काही गोष्टी लिहून घ्या. जीन्स आणि सुती कपडे देऊ नका. ओले झाले की अंगावर गारठतात. आतून लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे, वरून वारा आणि पाणी अडवणारे, असे थर हवेत. बर्फावरून ऊन उलटून येतं, नाकाच्या खालूनसुद्धा भाजतं. क्रीम आणि गॉगल विसरू नका. पाळी आली तरी शिकता येतं, पण तिथं कापड वाळत नाही. पॅड द्या आणि वापरलेले परत आणायला पिशवीही द्या. उंचीवर डोकं दुखलं, मळमळलं, तर लाजून गप्प बसू नये, शिकवणाऱ्यांना लगेच सांगावं. त्रास वाढला तर खाली उतरावं, वर चढू नये.

आता कर्जाचं सांगतो. मुलगी शिबिरांमध्ये मदतनीस म्हणून जाते आणि हप्ते स्वतः भरते. पावसाळ्यात काम नव्हतं, तेव्हा एक हप्ता चुकला. गटानं दंड लावला, तिनं भरला. नियम मोटारसायकलीला तोच, बर्फालाही तोच. अजून दोन हप्ते बाकी आहेत.

आम्ही काही औलीला जाणार नाही. पण त्या दिवशी खळ्यावर ज्या मावशींनी लग्नाची काळजी केली होती, त्यांनी पदर खोचला, पट्ट्यांवर उभ्या राहिल्या आणि टाचा बाहेर ढकलून छप्पर करून दाखवलं. पडल्या नाहीत.

मैत्रिणींनो, तुमच्या पुढच्या बैठकीत कर्जाची वही उघडा. मुलांच्या नावावर काय काय लिहिलंय, मुलींच्या नावावर काय, ते एकदा वाचून दाखवा. पुढच्या वेळी भेटू. रामराम.