अनिश्चिततेचा भार कोणावर?

(घाटकोपर येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा सारांश)



महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा आत्मविश्वास खचतो, अभ्यासाचा त्यांना उबग येतो, याचे खापर हल्ली सर्रास त्यांच्या दुबळ्या मनोबलावर फोडले जाते. हे निदान मला अपुरे वाटते; उपनगरांतील मुलांच्या बाबतीत तर अन्यायाचे.

२०१७ सालचे उदाहरण घ्या. मुंबई विद्यापीठाने त्या वर्षी सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा निर्णय पुरेशा तयारीविना अमलात आणला. परीक्षेनंतर फार तर ४५ दिवसांत निकाल लावावा, असा कायदा आहे. कुलपतींनी दिलेली ३१ जुलैची मुदतही टळली आणि काही निकाल सप्टेंबरपर्यंत रखडले. परीक्षेला बसलेली कित्येक मुले निकालात गैरहजर ठरली. ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. परंतु ज्यांचे पुढचे प्रवेश हुकले, त्यांचे काय? बोरिवली-मुलुंडहून कलिन्याला खेटे घालायचे आणि घरी परतल्यावर ‘निकाल लागला का?’ या शेजाऱ्यांच्या प्रश्नाला तोंड चुकवायचे, असे ते दिवस होते. दोष यंत्रणेचा आणि ओशाळायचे विद्यार्थ्याने!

फ्रँक नाइट या अर्थशास्त्रज्ञाने १९२१ साली जोखीम आणि अनिश्चितता यांत भेद केला. जोखमीचे गणित मांडता येते, तिचा विमा उतरविता येतो. अनिश्चिततेचे तसे नसते. ती पत्करणाऱ्याला मिळतो तो नफा, असे त्याचे प्रतिपादन. आपल्याकडे व्यवहार उलटा आहे. अनिश्चितता विद्यार्थी सोसतो आणि शुल्कही तोच भरतो. १९८३ नंतर महाराष्ट्रात विनाअनुदानित महाविद्यालये फोफावली. अनेक घरांत आज हे शुल्क कर्ज काढून भरले जाते. मग एखादा विषय राहिला, तरी आपण घर बुडविले, असे मुलाला वाटू लागते.

केंद्र सरकारची १४४१६ या क्रमांकाची मानसिक आरोग्याची दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. ती हवीच. (मनाच्या दुखण्याला थेर समजणारे आपल्यातही आहेत, ही खेदाची गोष्ट.) पण निकाल कधी लागणार, हे तिथे कळत नाही.

तेव्हा निकालाच्या हंगामात प्रत्येक स्थानकाजवळ आपले एक टेबल असावे. पुनर्मूल्यांकनाचे अर्ज, शिष्यवृत्तीची कागदपत्रे, ४५ दिवस उलटताच विद्यापीठाला लेखी जाब, एवढेच काम. सभेच्या सतरंज्या उचलायला मुले लागतात तेव्हाच आपल्याला त्यांची आठवण होते. अंधेरी आणि घाटकोपरच्या शाखांनी चार-चार माणसे द्यावीत. अर्ज लिहायला मी येईन.