पाळण्याचा पलंग करताना
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी वर्धापनदिनाला कुणी व्रतवैकल्यांवर बोलते, कुणी मुलांच्या अभ्यासावर. मला अध्यक्षबाई म्हणाल्या, "तुम्ही घरातलंच काही सांगा, पण खरं सांगा." तेव्हा मी माझ्याच घरच्या एका पाळण्याचा हिशोब आपल्यापुढे मांडणार आहे. हिशोब माझ्या चुकीचा आहे. तो ऐकून एखादीचे चार पैसे वाचले, तर माझे गेलेले थोडे भरून येतील.

पाळणा हा आपल्या घरात नुसता लाकडाचा नसतो. शिवजयंतीला शिवनेरीवर पाळणा हलवतात आणि बाया पाळणा म्हणतात. आपल्याकडे बाराव्या दिवशी बारसे, आणि पहिल्या बाळंतपणात पाळणा यायचा तो सुनेच्या माहेरून, असा रिवाज. २०२१ साली मार्गशीर्षात माझ्या नातवाचे बारसे झाले, तेव्हा विहीणबाईंनी रिवाजाप्रमाणे पाळणा आणला. जुना, कातीव दांड्यांचा, चार कड्यांचा. त्यात माझी सूनबाई वाढलेली आणि तिची आईही वाढलेली. लाकूड काळे पडलेले, पण एक दांडी हलत नव्हती.

मी मात्र त्याआधीच सोलापूरच्या एका दुकानातून नवा पाळणा आणून ठेवला होता. पांढरा, गजांचा, चार पायांवर उभा. दुकानदार म्हणाला होता, "मावशी, एकदाच घ्या. आज पाळणा, दोन वर्षांनी छोटी खाट, पुढं मोठा पलंग. पोरगं कॉलेजात जाईपर्यंत बघायला नको." मला ते फार पटले. आमच्या भिशीत अकरा जणी, महिना दीड हजार रुपये. त्या खेपेला भिशी मला लागली होती. ते साडेसोळा हजार मी तिथल्या तिथे मोजून दिले. छोटी गादी वेगळी, २,६०० रुपये. माढ्यापर्यंत टेम्पो १,२०० रुपये. एकूण २०,३०० रुपये झाले.

बारशाला सगळ्यांनी तो पाळणा पाहिला, वाखाणला. विहीणबाई हसून म्हणाल्या, "बरं झालं, तुमच्याकडं चांगला आलाय. आमचा असू द्या माळ्यावर, जळणाला तरी होईल." मी तेव्हा त्या बोलण्याकडे लक्ष दिले नाही. सूनबाई खाली मान घालून बसली होती, तेही मी पाहिले न पाहिल्यासारखे केले.

आता दुकानदाराची बाजूही सांगितली पाहिजे. तो अगदीच खोटे बोलला नव्हता. नातू पावणेदोन वर्षांचा झाला आणि एके सकाळी गजांवर पाय देऊन वर चढू लागला. वरची पट्टी त्याच्या छातीला लागत होती. मूल असे चढू लागले की पाळण्याचे दिवस संपले, हे ओळखावे. नाहीतर ते डोक्यावर पडते. मुलाने पुढची बाजू काढली, गादी खालच्या खाचेत बसवली, आणि छोटी खाट तयार झाली. गादी तीच, चादरी त्याच, एक पैसा खर्च नाही. इथवर सौदा चोख होता.

मैत्रिणींनो, मी तिथेच थांबायला हवे होते. कसे ते पाहा. ती छोटी गादी लांबीला ५२ इंच. नातू तीन वर्षांचा होत आला तेव्हा त्याची उंची होती ३६ इंच. म्हणजे डोक्याकडे-पायाकडे मिळून १६ इंच मोकळे होते. आणखी दोन वर्षे तो त्यात आरामात निजला असता. पण २०२४ च्या दिवाळीला विहीणबाई यायच्या होत्या, आणि मला त्यांना पलंग करून दाखवायचा होता. "बघा, एकाच पैशात दोन्ही झालं," असे मला म्हणायचे होते. गरज मुलाची नव्हती, माझी होती.

मग खरा खर्च सुरू झाला. पाळण्याची लांब बाजू ही पलंगाची उशाकडची फळी होते आणि दुसरी लांब बाजू पायथ्याची. पण त्या दोहोंना जोडणाऱ्या लांब पट्ट्या पाळण्याबरोबर येतच नाहीत; त्या वेगळ्या विकत घ्याव्या लागतात. दुकानात फोन केला तर कळले, ते मॉडेल आता बंद झाले, पट्ट्या मिळायच्या नाहीत. नवीन मॉडेलच्या पट्ट्यांची भोके आपल्याला जुळायची नाहीत.

सुतार आणला. त्याने पाळणा उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, "ताई, ह्याला मधी आधारच न्हाई. नुसत्या चार पायांवर एवढा पलंग ठिवला, तर पोरगं उड्या मारताना मधनं बसंल." तेव्हा लांब पट्ट्यांचे लाकूड ३,४०० रुपये, मधली पट्टी आणि तिला पाचवा पाय ९०० रुपये, वर टाकायला प्लायवुड २,१०० रुपये, बोल्ट-पट्ट्या ३५० रुपये, रंग जुळवायला ४५० रुपये. एका दिवसाचे काम दोन दिवस चालले, मजुरी २,००० रुपये. दोन दिवस का? तर उशाकडच्या फळीचा खालचा भाग लाकूड नव्हतेच. भुसा दाबून केलेली फळी होती. अशा फळीत स्क्रू एकदा घट्ट बसतो. तो काढून-घालून दोन-तीनदा केला की भोक सैल पडते आणि मग स्क्रू धरत नाही. आमचा पाळणा एव्हाना दोनदा खोलून जोडलेला. सुताराला आतून लाकडी ठोकळे बसवावे लागले.

पलंग उभा राहिला. आता गादी. इथे मी सगळ्यात जास्त फसले. पाळण्याची लांब बाजूच उशाकडे आल्यामुळे पलंगाची रुंदी झाली ५४ इंच. हे माप परदेशात चालते. आपल्या बाजारात तयार गाद्या बहुधा ३६ इंची, ४८ इंची, नाहीतर एकदम ६० इंची. मधल्या मापाची गादी मागणी देऊन करून घ्यावी लागली, ७,९०० रुपये. ट्रंकेतल्या एकेरी चादरी काढल्या. त्यांची रुंदी ६० इंच, म्हणजे दोन्ही बाजूंना तीन-तीन इंच. गादीच पाच इंच जाड, खोचायची कशी? रात्रीतून चादर गोळा होऊन मुलाच्या पायाशी यायची. दुहेरी चादरी घेतल्या, दोन नग १,३०० रुपये. घरची चार फुटी मच्छरदाणी साडेचार फुटी पलंगाला पुरेना, नवी ७५० रुपये.

पहिल्याच रात्री नातू पलंगावरून खाली पडला आणि खालचा ओठ फुटला. फरशीवर रक्त पाहून माझे हातपाय गळाले. दोन वर्षे गजांच्या आणि कडेच्या आधाराने निजलेले मूल ते; त्याला काठ कुठे संपतो हे ठाऊक नव्हते. दुसऱ्या दिवशी कडेला लावायचा कठडा आणला, १,४५० रुपये. पाळण्याची काढलेली बाजू कठडा म्हणून बसत होती का? नव्हती, तिची लांबी आणि भोके वेगळी.

हे सगळे मी वहीत मांडले. मी सातवी शिकलेली बाई. बेरीज-वजाबाकी मला चांगली येते, पण दुकानात उभी असताना ती करायचे सुचले नाही. पलंग करण्याचा खर्च झाला २०,६०० रुपये. म्हणजे मूळ पाळणा घरी आणायला जे लागले, त्याहून तीनशे जास्तच. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, तो हाच. दोन्ही मिळून ४०,९०० रुपये. त्याच सुताराला मी नंतर विचारले, "तीन फुटी साधा पलंग नवा केला असता तर?" तो म्हणाला, "अकरा हजारात. चांगल्या लाकडाचा." त्यावर तीन हजारांची कापसाची गादी. एकूण १४,००० रुपये. आणि घरच्या चादरी, घरची मच्छरदाणी त्याला चालली असती.

त्या २०,६०० मधले बारा हजार माझे होते. पिको-फॉलच्या यंत्रासाठी मी साठवले होते. ते यंत्र अजून आलेले नाही. हे मी घरात ह्यांना सांगितले नव्हते. पण हे भाषण स्मरणिकेत छापून येणार म्हटल्यावर परवाच सांगून टाकले. "मला ठाऊक होतं," एवढेच म्हणाले. मैत्रिणींनो, लपवलेला खर्च लपलेला नसतो. घरातले फक्त बोलत नाहीत.

काही खर्च वहीत लिहिता येत नाहीत. आमची ती खोली दहा फूट लांब, दहा फूट रुंद. साडेचार फुटी पलंग आल्यावर कपाटाचे दार उघडेना, आणि सासूबाईंची बाज पडवीत न्यावी लागली. कपाट दुसरीकडे हलवीपर्यंत ऐन थंडीत त्या आठ दिवस पडवीत निजल्या. तक्रार केली नाही. "पोराला ऐसपैस झालं ना?" म्हणाल्या. ऐसपैस म्हणजे किती? तीन वर्षांचे पोर त्या पलंगावर शोधावे लागे.

आणि सर्वांत मोठा धडा तर पुढेच होता. २०२५ च्या श्रावणात सूनबाईला मुलगी झाली. घरात लक्ष्मी आली, आणि तिला निजवायला पाळणा नाही! साडेसोळा हजारांच्या पाळण्याचा आम्ही पलंग केला होता आणि त्यावर दादा निजत होता. तो पुन्हा पाळणा करायचा तर दादाला पलंग नाही. शिवाय कापलेल्या-ठोकलेल्या फळ्या आता मागे जाईनात. जी वस्तू दोन वस्तू होते असे सांगतात, ती एका वेळी एकच असते. घरात दुसरे मूल येणार असेल, तर पहिल्याचा पाळणा हा दुसऱ्याचा असतो. हे आपल्या आज्या न सांगता जाणत होत्या. म्हणून त्या पाळणा पाळणाच ठेवीत आणि घराघरांतून फिरवीत.

मुलाला म्हटले, माळ्यावर चढ. विहीणबाईंचा पाळणा खाली आला. धूळ पुसली, कड्यांना तेल दिले, सुताराकडून हूक आणि साखळी तपासून घेतली. बारशाला विहीणबाई आल्या. मी त्यांच्यापुढे हात जोडले आणि म्हटले, "विहीणबाई, मागल्या वेळी मी चुकले. तुमचा पाळणा मी माळ्यावर टाकला." त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी नातीला आत ठेवले, पहिला झोका दिला आणि दोरी माझ्या हाती दिली. सूनबाई त्या दिवशी चार वर्षांत पहिल्यांदा माझ्याजवळ मोकळेपणाने रडली. त्या झोक्याची किंमत मी कशात मोजू?

जुने ते सगळे सोने, असे मात्र मी म्हणत नाही. टांगता पाळणा पहिल्या काही महिन्यांचाच. बाळ कुशीवर वळू लागले, हातांवर रेटा देऊ लागले, की ते त्यात ठेवू नये. तान्ह्याला पाठीवर, सपाट आणि घट्ट गादीवर निजवावे. मऊ उशा, जाड गोधड्या आत कोंबू नयेत. गजांच्या पाळण्यात गादी आणि कड यांत दोन बोटांहून जास्त फट नसावी. आमच्या नव्या पाळण्याची एक बाजू खाली सरकणारी होती. मला ती सोय वाटली. पुढे मुलाने मोबाईलवर वाचून दाखवले की तसल्या पाळण्यांत बाळे अडकून दगावली, म्हणून अमेरिकेत २०११ पासून ते विकायला बंदी आहे. अंगावर काटा आला.

तेव्हा ज्यांना असा पाळणा घ्यायचाच असेल, त्यांनी दुकानात पाच प्रश्न विचारावेत. पलंगाच्या लांब पट्ट्या आजच खोक्यात मिळणार का? मोठा झाल्यावर गादीचे माप काय, आणि ते आपल्या बाजारात मिळते का? मधे आधाराचा पाय आहे का? स्क्रू बसतात ते लाकूड आहे की भुशाची फळी? आणि पाचवा प्रश्न दुकानदाराला नव्हे, स्वतःला: घरात दुसरे मूल यायचे आहे का? पहिल्या चारांची उत्तरे बिलावर लिहून घ्यावीत. तोंडी शब्द टेम्पोबरोबर निघून जातो.

आणि घाई करू नये. मुलाला आपण मोजावे. ते गादीत मावते तोवर मावू द्यावे. पाहुण्यांना दाखवण्यासाठी मूल मोठे करू नये. ते आपल्या वेळेने होतेच.

आता नात चार पायांवर रांगते आहे. तिच्यासाठी जमिनीवर कापसाची गादी घातली आहे. तिथून पडायची भीती नाही. विहीणबाईंचा पाळणा पुसून, कापडात गुंडाळून ठेवला आहे. आपल्या मंडळातल्या कुणाच्या घरी बारसे असेल, तर त्यांनी तो न्यावा, असे मी आणि विहीणबाईंनी मिळून ठरवले आहे. भाडे नाही. फक्त परत आणताना कड्यांना तेल द्यावे.